७० मिनिटं आपली, शेवटची २० त्यांची! एफएममध्ये लीड टिकवायची कशी?

बेंचवरचा_कॅप्टन:

मंडळी डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

फुटबॉल मॅनेजर २०२४ (एफएम, टीमचा मॅनेजर व्हायचा कम्प्युटर गेम) खेळतोय. दुसऱ्या डिव्हिजनमधली मधलीच एक टीम घेतलीय, दुसरा सीझन चालू आहे. ४-२-३-१ (डिफेन्सपासून वर मोजलेली रचना), मेंटॅलिटी (टीम किती आक्रमक) पॉझिटिव्ह, वरपासून प्रेस म्हणजे त्यांच्याच हाफमध्ये अंगावर जाणं, टेम्पो थोडा जास्त. पहिली साठ-सत्तर मिनिटं काही तक्रार नाही, गोल होतात, समोरच्याला हाफ ओलांडता येत नाही. मग ७०व्या मिनिटाला मी एक-दोन गोलनी पुढे असतो आणि मला वाटतं आता बास, आता कुलूप लावू. आणि तिथून पुढे जे सुरू होतं ते बघवत नाही.

२६ मॅचमध्ये ९ वेळा पुढे असताना पॉइंट घालवलेत. नऊ! खोटं वाटेल पण वहीत लिहून ठेवलंय. कालचीच घ्या, ७४ पर्यंत २-०, ७९ला क्रॉसवर हेडर, ९०+३ला कॉर्नरवर दुसरा. सत्तरपर्यंत त्यांचे शॉट ३ होते, मॅच संपली तेव्हा १४.

मी काय करतो ते पण सांगतो म्हणजे शिव्या नीट नेमक्या जागी पडतील. ७०ला मेंटॅलिटी थेट व्हेरी डिफेन्सिव्ह. डिफेन्सिव्ह लाईन सगळ्यात खाली, लाईन ऑफ एंगेजमेंट (जिथून समोरच्याला अडवायला सुरुवात करायची ती रेषा) पण खाली, टाइम वेस्टिंग फुल्ल, पासिंग डायरेक्ट. स्ट्रायकर काढून तिसरा सेंटर बॅक (मधला डिफेंडर), एक विंगर काढून अजून एक फुलबॅक (बाजूचा डिफेंडर). मग दिसायला झालं ५-४-१ आणि वरचा तो एक म्हणजे आमचा दहा नंबर (स्ट्रायकरच्या मागे खेळणारा), उंचीने बेताचा, पायात जादू पण धक्का लागला की आडवा.

गेम चीटिंग करतो असं मी म्हणणार नाही, हरल्यावर सगळ्यांनाच तसं वाटतं. पण एवढी माणसं मागे ठेवूनही गोल का खातोय हे मला खरंच कळत नाहीये. मेंटॅलिटी चुकतेय का फॉर्मेशन का प्लेयरच तसले आहेत?


हाफस्पेस_हणम्या:

भावा उत्तर तुझ्याच पोस्टमध्ये आहे. ३ वरून १४ शॉट, म्हणजे ११ शॉट तू कुलूप लावल्यावर आले. मग ते कुलूप होतं का किल्ली?

बघ, मेंटॅलिटीला लोक एक बटण समजतात, ते मेन स्विच आहे. ती खाली ओढली की टेम्पो, विड्थ, लाईन, प्रेस किती करायचा, पास देताना रिस्क किती घ्यायची, हे सगळं तिच्यासोबत आपोआप खाली सरकतं. टॅक्टिक्सच्या स्क्रीनवर नुसती मेंटॅलिटी बदल आणि बाकीच्या सूचनांकडे बघ, तू हात न लावता त्यांचे पट्टे हललेले दिसतील. आता त्याच्यावर तू परत स्वतःच्या हाताने लाईन खाली केलीस, एंगेजमेंट खाली केलीस. आधीच उतार, त्यात वरून धक्का. दहा माणसं स्वतःच्या बॉक्समध्ये जाऊन बसली आणि बॉक्सच्या बाहेरची सगळी जागा समोरच्याला आंदण दिली, ये बाबा, निवांत मान वर करून क्रॉस मार.

पण माझ्या मते ही पण तुझी मोठी चूक नाही. मोठी चूक बॉल मिळाल्यावरची आहे. तुझ्या सेंटर बॅकने बॉल काढला, आता द्यायचा कुणाला? पासिंग डायरेक्ट सांगितलंय म्हणून तो लांब मारणार, वर उभा कोण तर धक्का लागला की आडवा होणारा दहा नंबर आणि त्याच्या अंगावर दोन आडदांड डिफेंडर. पाच सेकंदात बॉल परत. परत काढला, परत आला. भिंतीवर बॉल मारत बसल्यासारखं वीस मिनिटं चालतं आणि दर वेळी तो नवीन अटॅक असतो, तुझी माणसं श्वास घ्यायला पण वर येत नाहीत. डिफेन्स कितीही चांगला असला तरी पंधराव्या वेळी कोणाचं तरी मार्किंग सुटणारच ना.

लीड असताना माझा पहिला प्रश्न कायम हाच असतो की बॉल जिंकल्यावर तो आपल्याकडे राहणार कसा. मागे किती जण उभे करायचे ते नंतर. बॉल आपल्याकडे आहे तेवढा वेळ समोरच्याला गोल करता येत नाही, यापेक्षा स्वस्त डिफेन्स मला तरी माहीत नाही.

मी काय करतो ते सांगतो, असंच कर असं नाही. ७० ते ८० मध्ये मेंटॅलिटी फक्त एक पायरी खाली, पॉझिटिव्हवरून बॅलन्स्ड. पासिंग उलट शॉर्टर, टेम्पो कमी. दोन्ही फुलबॅक जर अटॅक ड्युटीवर असतील तर एकाला डिफेंड, एकाला सपोर्ट. बॉल गेल्यावर काउंटर प्रेस बंद, रीग्रुप चालू, म्हणजे बॉल गेला की सगळे त्याच्यामागे वेड्यासारखे न पळता आधी आपापल्या जागेवर येतात. आणि दहा नंबर काढून त्या जागी एक डिफेन्सिव्ह मिडफिल्डर, अँकर रोलमध्ये, दोन सेंटर बॅकच्या बरोबर पुढे. सेकंड बॉल, म्हणजे हेडर किंवा क्लिअरन्सनंतर सुटलेले बॉल, तिथेच पडतात.

आणि स्ट्रायकर काढायचा नाही!! थकला असेल तर दुसरा टाक, ताजा आणि पळणारा. मागे पडलेली टीम माणसं वर पाठवते, त्यांचे सेंटर बॅक हाफ लाईनवर येऊन उभे राहतात, त्यांच्या मागे मैदान मोकळं असतं आणि तिथे पळणारा आपला कोणी नसेल तर ती जागा असून नसून सारखीच. माझे तर निम्मे तिसरे गोल ८० नंतरचे आहेत.


कॅटेनाच्चो_काका:

वाचून गंमत वाटली. आजकालच्या पोरांना बस पार्क करायची, म्हणजे सगळी टीम गोलसमोर उभी करायची, लाज वाटते. बॉल ठेवा म्हणे. दुसऱ्या डिव्हिजनच्या सेंटर बॅकला शॉर्ट पास करायला लावा ८५व्या मिनिटाला आणि मग बघा काय होतं ते. माझ्या सेव्हमध्ये (चालू गेममध्ये) एकाने पेनल्टी स्पॉटवरून आडवा पास दिला होता थेट त्यांच्या स्ट्रायकरला. त्यापेक्षा मारा बॉल गॅलरीत.

कोच हेर्रेराच्या इंटरने (मिलानचा क्लब) १९६४ आणि १९६५ सलग दोनदा युरोपियन कप नेला तो डिफेन्सच्या जिवावरच. ग्रीसने २००४चा युरो जिंकला, नॉकआउटच्या तिन्ही मॅच १-०. आणि २०१०ला चॅम्पियन्स लीग सेमीफायनलला मोरिन्योची इंटर बार्सिलोनाच्या मैदानावर तासाभराहून जास्त वेळ दहा जणांत खेळली आणि फायनलला गेली. बॉल कोणाकडे होता तेव्हा? बार्सिलोनाकडे. मग काय बिघडलं?

बस वाईट नसते, चालवणारा वाईट असतो.


सेकंडबॉल_सई:

काका तुमची तिन्ही उदाहरणं खरी आहेत पण इथे तिन्ही लागू पडत नाहीत असं मला वाटतं, राग मानू नका.

२०१०ला इंटर पहिल्या लेगमध्ये ३-१ जिंकून आली होती. दुसऱ्या लेगला २८व्या मिनिटाला थिआगो मोत्ताला रेड, मग पर्यायच नव्हता, आणि शेवटी ती मॅच ते १-० हरलेच की! एक गोल खाऊनही चालणार होतं म्हणून चाललं. कॅप्टनच्या १-० च्या लीगमॅचमध्ये एक गोल खाल्ला की दोन पॉइंट गेले.

ग्रीसचं म्हणाल तर ते ७०व्या मिनिटाला डिफेन्सिव्ह झाले नव्हते, ते पहिल्या मिनिटापासूनच तसे होते. टीमच त्यासाठी निवडलेली, सराव त्याचाच. आणि हेर्रेराच्या इंटरमध्ये फाक्केट्टी होता ना, लेफ्ट बॅक असून पुढे जाऊन गोल करायचा. नुसती बस नव्हती ती, बसला पुढचं दार पण होतं.

माझा मुद्दा हा की वरपासून प्रेस करायला निवडलेल्या आणि त्यातच मुरलेल्या टीमला ७० मिनिटांनी अचानक सांगायचं की आता बॉक्समध्ये बसा, ते त्यांना येतच नाही. एफएममध्ये टॅक्टिकल फॅमिलिअ‍ॅरिटी म्हणून, टॅक्टिक टीमच्या किती अंगवळणी पडलंय ते दाखवणारी, जी पट्टी असते ती याचसाठी आहे. कॅप्टन, तुझ्याकडे टॅक्टिक्सच्या तीन जागा असतात त्यातल्या किती भरल्यात? माझा अंदाज एकच. दुसऱ्या जागेवर तुझं लीडवालं टॅक्टिक सेव्ह कर आणि प्रीसीझनपासून ठेव, ट्रेनिंगमध्ये त्याची पण फॅमिलिअ‍ॅरिटी वाढत राहते. मॅच चालू असताना जन्माला घातलेलं ५-४-१ कोणालाच पाठ नसतं, तिसरा सेंटर बॅक कुठे उभा राहायचा हे त्याच्या शेजारच्यालाच माहीत नाही.

अजून एक. तू एका दमात सहा-सात गोष्टी बदलतोस, मग गोल खाल्ला तर कशामुळे खाल्ला हे तुला कळणार कसं? अति तिथे माती म्हणतात ते हेच. एक बदल, पाच मिनिटं बघ, मग दुसरा.

कॉर्नरचं पण सांग, सेट पीस (कॉर्नर, फ्री किकच्या ठरलेल्या चाली) बघितलेस का कधी उघडून? का डीफॉल्टवरच आहे सगळं?


बेंचवरचा_कॅप्टन:

डीफॉल्टवर आहे. एकच टॅक्टिक आहे. सगळं बरोबर ओळखलंस, आता लाज वाटतेय.

हणम्या, एक शंका. तू स्ट्रायकर ठेव म्हणतोस पण मग मागे माणूस कमी नाही का पडणार? कारण माझा प्रॉब्लेम क्रॉसचा आहे. ९ पैकी निदान ५ मॅचमध्ये समोरचा ७५ला एक उंच स्ट्रायकर टाकतो, विंगवरून क्रॉस चालू होतात आणि माझे सेंटर बॅक धडधाकट असूनही हेडर हरतात. त्यासाठीच तर तिसरा सेंटर बॅक आणतो.


पावटाइम_पम्या:

मी लीड असेल तर ७५ नंतर स्क्रीनकडे बघतच नाही, स्पेस दाबून दुसऱ्या खोलीत. निकाल तोच लागतो पण बीपी वाढत नाही.


एक्सजी_एकनाथ:

पम्या, हसू नका पण तुझ्यात आणि कॅप्टनमध्ये फार फरक नसावा. कॅप्टन, तू हायलाइट्स कुठल्या मोडवर बघतोस? 'की हायलाइट्स'वर (फक्त मुख्य क्षण) असशील तर तुला फक्त हेडर दिसतो, क्रॉस यायच्या आधी काय झालं ते दिसत नाही. निदान शेवटची वीस मिनिटं कॉम्प्रिहेन्सिव्हवर नाहीतर फुल मॅचवर बघ. दोन मॅच बघितल्यास की तुला कळेल की हेडर हरणारा सेंटर बॅक हा शेवटचा आरोपी आहे. क्रॉस मारणाऱ्याच्या चार-पाच यार्डांत तुझा एकही माणूस नसतो कारण विंगर तू काढलास आणि जो राहिला तो पार आपल्या फुलबॅकच्या मांडीवर येऊन बसलाय. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, क्रॉस येतोय बाजूने आणि तू माणूस वाढवतोयस मध्ये.

क्रॉस जिथून निघतो तिथे थांबव. एफएम २३ पासून आउट ऑफ पझेशनमध्ये (बॉल आपल्याकडे नसतानाच्या सूचना) स्टॉप क्रॉसेस आणि इन्व्हाइट क्रॉसेस असे दोन पर्याय आहेत. तुझे सेंटर बॅक खरंच हेडरला राक्षस असतील तर इन्व्हाइट करायला हरकत नाही, मोकळी जागा मध्ये कमी राहते आणि बॉल हवेत येतो तो ते काढतात. पण तू म्हणतोस हरतात, तर स्टॉप क्रॉसेस लाव. आणि विंगर काढायचाच असेल तर त्याच्या जागी पळून पळून मागे येणारा विंगर टाक, वर्क रेट आणि टीमवर्क बघून, नुसतं पेस बघून नाही.

उंच स्ट्रायकर आला की काय होतं याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण २०२२ वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल. अर्जेंटिना २-० पुढे, मेस्सीची पेनल्टी ७३व्या मिनिटाला. नेदरलँड्सने आधी लुक डी यॉंग आणि मग वेगहोर्स्ट असे दोन ताडमाड गडी वर उभे केले. ८३ला क्रॉस, वेगहोर्स्टचा हेडर, २-१. इथपर्यंत तुझ्या सेव्हसारखंच. मग इंज्युरी टाइमच्या पार शेवटी अर्जेंटिनाच्या डिफेंडरने बॉक्सच्या तोंडाशीच वेगहोर्स्टला फाउल केला. काही गरज नव्हती, तो गोलकडे पाठ करून होता. फ्री किक. आता सगळी दुनिया वाट बघतेय की हवेतून येणार नाहीतर थेट गोलवर मारणार, भिंत तयार, आणि त्यांनी बॉल जमिनीवरून हळूच आत सरकवला, परत वेगहोर्स्ट, ९०+११, २-२. अर्जेंटिना पेनल्टीवर वाचली म्हणून, नाहीतर तो वर्ल्ड कपच गेला होता.

हे एवढ्यासाठी सांगितलं की उंच माणूस हेडरपुरताच धोकादायक नसतो. तो फाउल काढतो, कॉर्नर काढतो, मागे बॉल थांबवून देतो. आणि तुझी टीम बॉक्समध्ये दबून बसली असेल तर प्रत्येक फाउल हा बॉक्सच्या तोंडाशीच होणार ना! म्हणून लीडवर मी टॅकलिंगमध्ये स्टे ऑन फीट लावतो आणि ज्याला यलो आहे त्याला स्वतंत्रपणे ईझ ऑफ टॅकल्स, आणि तो सेंटर बॅक किंवा अँकर असेल तर सरळ काढतोच.

त्या उंच गड्याला मार्किंग देण्यापेक्षा त्याला बॉल देणाऱ्याला पकड. ऑपोझिशन इन्स्ट्रक्शन्समध्ये त्यांच्या फुलबॅकवर ट्रिगर प्रेस ऑलवेज (कायम अंगावर जा), आणि त्यांना कमजोर पायावर ढकल. मागे पडलेल्या टीमचे क्रॉस बरेचदा फुलबॅककडूनच येतात, कारण त्यांचा विंगर तोपर्यंत स्ट्रायकर होऊन बॉक्समध्ये गेलेला असतो.


हाफस्पेस_हणम्या:

एकनाथने अर्ध उत्तर दिलं. बाकीचं असं की वरचा माणूस ठेवला तर मागे एक कमी पडतो हे खरंय, पण तो वर असेल तर तुझा काढलेला बॉल वर थांबतो, निदान थ्रो-इन मिळतो, तेवढ्यात लाईन वर सरकते. दहा जण मागे असून पंधरा वेळा अटॅक झेलायचे का नऊ जण मागे ठेवून सात वेळा झेलायचे, एवढाच हिशोब आहे. आकडे माझे ढोबळ आहेत, धरून बसू नका.

लाईनचं पण कोणीच नीट बोललं नाही. लाईन आणि एंगेजमेंट यातलं अंतर महत्त्वाचं, दोन्ही पार खाली नेलंस तर अंतर कमी राहतं हे बरोबर पण ते सगळं तुझ्या गोलकीपरच्या नाकासमोर. लाईन स्टँडर्ड किंवा एक पायरी खाली आणि एंगेजमेंट मिड ब्लॉक एवढं पुरतं, हाफ लाईनच्या थोडं मागे भिंत. त्यांच्याकडे पळणारा स्ट्रायकर असेल आणि तुझे सेंटर बॅक मंद असतील तरच अजून खाली.


सेकंडबॉल_सई:

सेट पीसचं राहिलं होतं. १९९९ची चॅम्पियन्स लीग फायनल आठवा, बायर्न सहाव्या मिनिटापासून १-० पुढे आणि ९० मिनिटं पुढेच, आणि इंज्युरी टाइममध्ये मँचेस्टर युनायटेडचे दोन गोल. दोन्ही बेकहॅमच्या कॉर्नरवरून आले! पहिला शेरिंगहॅम, दुसरा सोल्शायर, तो पण बेंचवरूनच आलेला. आणि गंमत म्हणजे बायर्न काही दबून बसले नव्हते, १-० असताना त्यांचा एक शॉट पोस्टला आणि एक बारला लागला होता. म्हणजे हणम्या म्हणतो तसं सगळं बरोबर केलं तरी दोन कॉर्नर पुरतात. त्यांचा मॅथेउस मात्र शेवटची दहाएक मिनिटं राहिली असताना बाहेर गेला होता, मागचं सगळं लावून घेणारा माणूसच गेला.

म्हणून माझे दोन नियम. डिफेन्सला ओरडून जागेवर ठेवणारा जो आहे, लीडरशिप आणि कॉन्सन्ट्रेशन जास्त असलेला, त्याला दमला तरी शेवटपर्यंत ठेवायचं. आणि सब करताना बाहेर जाणारा माणूस कॉर्नरला कुठे उभा असतो ते बघायचं. कॅप्टन, तू स्ट्रायकर काढतोस ना, तुझा स्ट्रायकर उंच असेल तर तो डिफेन्सिव्ह कॉर्नरला निअर पोस्टवर उभा राहून किती बॉल काढत होता हे तुला माहीतच नसेल. तो गेला, त्याच्या जागी कोण? दहा नंबर. मग ९०+३.

आणि कृपा करून सेट पीस रुटीन स्वतः बनव, अर्धा तास लागतो. आपल्याला कॉर्नर मिळाला तर लीडवर मागे एक माणूस जास्त ठेव. आपल्याच कॉर्नरवरून काउंटर खाऊन लीड घालवणं याच्याइतकं जिव्हारी लागणारं काही नाही.


एक्सजी_एकनाथ:

+१. कॉन्सन्ट्रेशनचं सगळ्यांनी लिहून ठेवा. खालच्या डिव्हिजनला सेंटर बॅक घेताना लोक जंपिंग रीच आणि पेस बघतात, कॉन्सन्ट्रेशन ७ असलेला माणूस ८० मिनिटं भिंत असतो आणि ८१ला त्याला एकदम आकाशातलं विमान दिसतं. पोझिशनिंग, अँटिसिपेशन, डिसिजन्स, हे पण बघ.

सबचं अजून एक, पाच सब असले तरी खेळ थांबवायच्या संधी तीनच, हाफटाइम सोडून. तू ६०ला एक, ६८ला एक, ७२ला एक असे सुटे सुटे वापरलेस तर ८० नंतर कोणाचं हार्ट केशरी झालं, म्हणजे तो दमला, तरी बघत बसायचं. मी एक संधी कायम ८० नंतरसाठी राखतो. आणि तू पहिल्या मिनिटापासून वरून प्रेस करतोस ना, मग ७० मिनिटांना तुझे दोन मिडफिल्डर मेलेले असणार. कदाचित तुझा सगळा प्रॉब्लेम तोच आहे आणि आम्ही इथे निबंध लिहितोय. मिडफिल्डमध्ये दोन ताजे पाय टाक, एवढ्यानेच फरक पडेल.

टाइम वेस्टिंगबद्दल माझं मत, लवकर चालू करू नका. थ्रो-इन, गोलकिक रेंगाळत घेणं ठीक, पण ७०पासून केलं तर आपल्याच टीमची लय जाते. ८५ नंतर लावा.


कॅटेनाच्चो_काका:

सई, राग नाही. फाक्केट्टी तू काढशील असं वाटलं नव्हतं, मान्य.

पण तीन टॅक्टिकची भानगड आता जुनी झाली. मी एफएम २६ वर आलोय, त्यात बॉल असतानाचं फॉर्मेशन वेगळं आणि नसतानाचं वेगळं लावता येतं. बॉल असताना ४-२-३-१, नसताना ४-४-१-१. लीड आली की बॉल नसतानाचं तेवढं ५-४-१ करतो, बॉल असतानाचं तसंच ठेवतो. म्हणजे बस पण आहे आणि हणम्याचा स्ट्रायकर पण. पोरांनो, शेवटी सगळे माझ्याच स्टॉपवर उतरता.

गॅलरीत बॉल मारण्यावर मात्र मी ठाम आहे. शॉर्ट पासिंग करायची असेल तर आधी सेंटर बॅकचा कम्पोझर (दबावाखाली डोकं शांत ठेवणं) बघा. दोन आकडी नसेल तर मारा लांब.


हाफस्पेस_हणम्या:

कम्पोझरचा मुद्दा बरोबर आहे काका. कॅप्टन, हे खरंच बघ. तुझे सेंटर बॅक बॉलवर लटपटत असतील तर त्यांच्याकडून खेळवू नकोस, कीपरला सांग फुलबॅककडे दे, आणि लांब मारायचाच तर वर टार्गेट फॉरवर्ड हवा, जो छातीवर घेऊन उभा राहील. लांब बॉल वाईट नाही, ज्याच्याकडे मारतोय तो चुकीचा होता.


बेंचवरचा_कॅप्टन:

दहा दिवसांनी आलोय, ८ मॅच खेळलो.

आधी कबुली. शेवटची वीस मिनिटं फुल मॅचवर बघितली आणि एकनाथ म्हणाला तेच निघालं, ७०ला माझे दोन्ही सेंट्रल मिडफिल्डर केशरी आणि त्यांच्यामागे एवढी मोठी मोकळी जागा की तिथे वेगळी मॅच भरवता येईल. सत्तर मिनिटं मी ते झाकत होतो कारण आम्ही प्रेसमध्येच बॉल जिंकायचो. प्रेस बंद केला की सगळं उघडं पडायचं. म्हणजे मी डिफेन्स वाढवतोय असं समजून जो एकच डिफेन्स येत होता तोच बंद करत होतो.

आता ६५ला दोन मिडफिल्डर एकाच संधीत बदलतो, ७५ला दहा नंबरच्या जागी अँकर, मेंटॅलिटी बॅलन्स्ड, राइट बॅक डिफेंड, स्टॉप क्रॉसेस. स्ट्रायकर राहतो. सेट पीस स्वतः बनवले, त्यात अर्धा नाही दोन तास गेले सई. व्हेरी डिफेन्सिव्हला हात लावलेला नाही.

८ पैकी ६ मॅचमध्ये ७०ला पुढे होतो, ५ जिंकल्या. दोनदा तर ८० नंतर तिसरा गोल केला, दोन्ही वेळा तोच ताजा स्ट्रायकर मागच्या मोकळ्या जागेत. एक मॅच २-२ झाली, त्यात अँकरला यलो होता, मी म्हटलं राहू दे, ८४ला दुसरा यलो. एकनाथने लिहिलं होतं, वाचलं होतं, तरी ठेवला. शहाण्याला शब्दांचा मार म्हणतात, मी त्यातला नाही.

आता नवीन दुखणं. १-० पुढे असताना बॅलन्स्डवर गेलो की मॅच शांत होते खरी, पण एखाद्या मजबूत टीमविरुद्ध बाहेरच्या मैदानावर शांत होतच नाही, ते बॉलच देत नाहीत. तिथे काकांची बस काढावी असं वाटतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.


कॅटेनाच्चो_काका:

काढ. पण ८०ला काढ, ७०ला नाही. कॉशस (बॅलन्स्डच्या एक पायरी खाली) लाव, व्हेरी डिफेन्सिव्ह नाही. आणि तो स्ट्रायकर बसमध्ये बसवू नकोस, त्याला टपावर ठेव.


सेकंडबॉल_सई:

काका तुम्ही हणम्याचंच सांगताय फक्त भाषा तुमची आहे.

कॅप्टन, त्या मजबूत टीमविरुद्धचं टॅक्टिक तिसऱ्या जागेवर सेव्ह कर, रिकामीच आहे ना अजून?


बेंचवरचा_कॅप्टन:

रिकामीच आहे. आज रात्री बसतो.